दोन मिनिटांचं ऊन

लग्न होऊन मी परभणीला आले, तेव्हा माझ्या थोरल्या नणंदेच्या अंगावर सोरायसिसचे चट्टे होते. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठभर लाल चकत्या आणि त्यांवर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे. बसल्या जागेवरून उठताना ती स्वतःच हातानं जागा झाडून घ्यायची. मी तिला अक्का म्हणायची. ती तेवीस वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं लग्नाचं वय उलटलेली. शेजारणी तिच्या हातचं पाणी घेत नसत. हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे सांगून सांगून सासरे थकले होते.

जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण आजारी माणसाला न्यायचं ते अजून हैदराबादलाच. तिथल्या डॉक्टरांनी अक्काला महिनाभर दिव्याच्या उजेडात बसवलं आणि चट्टे फिके पडले. म्हणून सासऱ्यांनी खटपट करून तसलाच एक जुना दिवा घरी आणला. लोखंडी पाय, वर पातेल्याएवढं पत्र्याचं टोपण, आत काचेची नळी. गल्लीत वीज येऊन वर्षही झालं नव्हतं. दिवा लावला की नळी आधी गुणगुणायची, मग निळी व्हायची, आणि जवळच वीज पडून गेल्यावर शेतात येतो तसला वास खोलीत भरायचा.

डॉक्टरांनी उर्दूत लिहून दिलेला कागद घरात फक्त सासऱ्यांनाच वाचता यायचा. त्यांनी मला बजावलं, "दोन हात लांब बसायचं, दोनच मिनिटं, दिवसाआड. काळे चष्मे दोघींनी बी लावायचे. सूनबाई, घड्याळ तुझ्याकडं. जादा झालं तर कातडं भाजतंय."

एकदा चष्मा लावायच्या आत माझी नजर नळीवर गेली. क्षणभरच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू खुपत राहिली. तेव्हापासून मला त्या दिव्याची भीती बसली. दिवा विझवल्यावरही त्याच्याकडं पाठ करून मला बसवत नसे.

दोन महिन्यांत अक्काचे हात बरेच निवळले. पाठ मात्र तशीच. अशात पिंगळीचं एक स्थळ आलं. माणसं पंधरा दिवसांनी बघायला येणार होती. त्याच आठवड्यात ताडकळसहून सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, आल्या आणि अक्काच्या हातात बावचीच्या तेलाची बाटली देऊन गेल्या. "ह्ये लावून उन्हात बस. कोड सुदीक जातंय ह्यानं."

आत्याबाई गेल्यावर अक्कानं मला खोलीत बोलावलं, कडी लावली आणि पाठ उघडी केली. "लाव. समदीकडं लाव."

"पण ह्ये लावून उन्हात बसायचं म्हणल्या ना त्या?"

"अंगणात पाठ उघडी टाकून बसू का? गल्ली बघायलीय. ह्या दिव्यात बी ऊनच हाय, डॉक्टरच म्हणले."

"मामंजींना इचारते."

"नको. ते न्हाई म्हणतील. वैनी, पंधराच दिवस राहिलेत गं."

मी तेल लावलं. काळपट, उग्र वासाचं. दिवा लावला. दोन मिनिटं झाली तसा माझा हात बटणाकडं गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

तिसरं मिनिट गेलं. चौथंही गेलं. निळ्या उजेडात तिची तेलकट पाठ माशासारखी चमकत होती. मी पाचव्या मिनिटाला दिवा बंद केला.

काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाठ जराशी लाल दिसली. अक्का खुशीत म्हणाली, "बघ, लागू पडलं." मला हायसं वाटायला हवं होतं. पण पाठीजवळ हात नेला की तव्याजवळ नेल्यासारखी धग लागत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला अगदी हळू हाक मारली. ती पालथी पडली होती. पाठीवर तळहाताएवढे फोड उठले होते. काही फुटून अंगावरचं पातळ त्यांना चिकटलं होतं. अंगात ताप होता. सासरे धावत आले. बाटली त्यांना कोनाड्यात दिसली. त्यांनी पेटीतून तो कागद काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "अंगाला कुठलंही तेल, मलम लावून दिव्याखाली बसू नये." मग खाली बसत म्हणाले, "हे मी तुमाला सांगितलंच न्हाई. वाटलं, कोण लावतंय?" आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तू होतीस का तिथं?"

मी तोंड उघडायच्या आत उशीत तोंड खुपसलेली अक्का बोलली, "वैनीला काई ठाऊक न्हाई. मीच कडी लावून घेतली."

मी गप्प राहिले.

तीन आठवडे ती दवाखान्यात होती. पिंगळीला येऊ नका म्हणून निरोप गेला. जखमा भरल्या, पण जिथं जिथं भाजलं होतं, तिथं तिथं नवे चट्टे उठले, आधी नव्हते तिथंसुद्धा. दवाखान्यातून आल्यावर मी तिला विचारलं, "माझ्यासाठी खोटं कामून बोललात?"

ती म्हणाली, "मी ह्या घरची लेक हाय, मला शिव्या देतील आन् जेवायला वाढतील. तुझं तसं न्हाई."

ती जन्मभर आमच्याकडंच राहिली. माझ्या मुलींच्या वेण्या तिनंच घातल्या. सासरे त्या न सांगितलेल्या ओळीचा दोष स्वतःलाच देत राहिले आणि तसेच गेले. त्यांना खरं सांगायला माझ्याकडं अकरा वर्षं होती.