पडद्याच्या मागून पाहिलेली नटी

बाळांनो, माझ्या वाढदिवसाला तुम्ही दोघांनी शोधून पाठवलेला चित्रपट मी परवा दुपारी पाहिला. आजीची आवडती नटी म्हणून पाठवलात, त्यात तुमची काही चूक नाही. तिचे बाकीचे सगळे चित्रपट मी पाहिलेत, एका वहीत त्यांची वर्षवार नोंदही आहे. हा एकच मी साठेक वर्षं टाळला होता. का, ते क्रमाने सांगते. तुमच्या आईलाही हे ठाऊक नाही.

माझी आई माथेरानच्या एका हॉटेलात चादरी, पडदे, टेबलक्लॉथ सांभाळायची. मी चार वर्षांची असताना वडील गेले, तेव्हापासून आम्ही दोघी हॉटेलच्या मागच्या एका खोलीत राहत होतो. हंगामात रविवारी चहा झाला की मोठ्या हॉलमध्ये पाहुण्यांना इंग्रजी सिनेमा दाखवत. खिडक्यांना ब्लँकेटं अडकवायची आणि दोन चादरी जोडून शिवलेला पडदा टांगायचा, हे आईचं काम. पाहुणे पुढे वेताच्या खुर्च्यांवर बसत. आम्ही नोकरमाणसं पडद्याच्या मागे, जमिनीवर. कोरड्या चादरीतून मागच्या बाजूला नीट दिसत नसे, म्हणून आई सुरकुत्या काढण्याच्या निमित्ताने पडद्यावर भरपूर पाणी शिंपडायची. मालकांना वाटे, बाई कामाला किती चोख आहे.

मागून चित्रातलं डावं-उजवं उलटं दिसतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्या नटीला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं उलटं. लांब मान, टपोरे डोळे, डाव्या गालावर तीळ. तोंडाचा पट्टा अखंड चालू. पडायची तर हातपाय चार दिशांना फेकून पडायची, आणि उठायची तेव्हा टोपी जागच्या जागी.

"ही बी डावरीच," आमच्याबरोबर बसणारे हातरिक्षावाले काका म्हणायचे. "साऱ्या गोऱ्या बाया डावऱ्या हायेत. डाव्या हातानं जेवतात, शी!"

"म्हनून तर काटे-चमचे लागतात," आई म्हणायची. "त्यांची त्यांनाच लाज वाटते."

मग सगळे तोंडावर हात दाबून हसत. आवाज पुढे गेला तर उठवून लावतील अशी भीती असायची. आईला मी एरवी कधी हसताना पाहिल्याचं आठवत नाही. मी मेनूकार्ड वाचून दाखवायचे, त्यामुळे मला इंग्रजी येतं अशी तिची समजूत होती. "काय म्हनली गं ती?" असं ती सारखी विचारायची आणि मी तिच्या कानात सांगायचे. मला दहातला एक शब्द कळायचा. बाकीचं मी रचत असे.

मी चौथी पास झाले तेव्हा मास्तरांनी खाली कर्जतच्या मुलींच्या शाळेचा आणि वसतिगृहाचा अर्ज आणून दिला. आई नको म्हणाली. पावसाळ्यात माथेरान रिकामं होत असे. हॉटेलं बंद, माणसं आपापल्या गावी लावणीला. आई तेवढी मागे राहायची, कारण गाद्या-चादरींना बुरशी धरू नये म्हणून त्यांना शेगडीची ऊब द्यावी लागे. चार महिने धुकं खोलीत येऊन बसायचं. त्या चार महिन्यांत तिच्याशी बोलायला मी एकटी.

"तू गेलीस तर मी कुनाशी बोलू गं? माकडांशी?" ती म्हणाली. हसण्यावारी नेलं, पण तिला भीती वाटायची. पाहुण्यांच्या रिकाम्या खोल्यांना ती भर दुपारी कड्या घालायची, आणि घातल्या का ते पुन्हा जाऊन पाहायची.

अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी हा तुम्ही पाठवलेला चित्रपट होता. त्यात ती नटी एका पोरक्या भाचीला वाढवते आणि शेवटी भाची आगगाडीने दूरच्या शाळेला जाते. फलाटाचा प्रसंग आला तेव्हा पुढे पाहुणे एवढे हसत होते की काही ऐकू येईना. त्या वेळी आईने मला काही विचारलं नव्हतं. मीच आपणहून तिच्या कानाशी लागले.

"आई, ती म्हणते, पोरीला शाळेत पाठवायलाच पाहिजे. मी राहीन एकटी. मला काय धाड भरलीय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "असं म्हनली व्हय?"

"हो."

"बरं."

सकाळी तिने अर्जावर अंगठा उठवला.

मी दिवाळीच्या सुटीत वर गेले की विचारायचे, पावसाळा कसा गेला? ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" मला वाटायचं, त्या नटीचं वाक्य तिला पाठ झालंय. मला मनातून आनंदच व्हायचा.

तिसऱ्या पावसाळ्यात ती त्या खोलीत तापाने गेली. पलीकडच्या बंगल्याच्या राखणदाराला दोन दिवसांनी कळलं. मला नेलं तेव्हा बुद्धवंदना म्हणायला खालून चार माणसं चिखल तुडवत आली होती. चादरी अजून दोरीवर होत्या, ओल्याच.

ती नटी मात्र जगली, आणि काम करत राहिली. कॉलेजात असताना मुंबईच्या एका थिएटरात मी तिला पहिल्यांदा पुढून पाहिलं आणि दचकले. तीळ उजव्या गालावर होता. आजही ती मला खऱ्या बाईची नक्कल करणारी दुसरीच कोणी वाटते. पुढे मी खालापूरला शाळेत इंग्रजी शिकवू लागले, आणि थिएटर, व्हिडिओ, टीव्ही, जिथे सापडेल तिथे तिला गाठत गेले. चाळिशीनंतर तिला नायिकेची कामं मिळेनात. मग ती नायिकेची आगाऊ बहीण झाली, मग घरमालकीण, मग सासू, मग टीव्हीवरची चौकस शेजारीण. पडणं काही थांबलं नाही. साठीत ती जिन्यावरून घसरली तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, या बाईच्या हाडांचं काय होत असेल?" नंतर काठी आली, तेव्हा तिने काठीचेही विनोद केले. शेवटच्या कामात ती चाकाच्या खुर्चीत आहे. दोनच वाक्यं आहेत, आणि एक भुवई वर जाते. बस्स.

मी हे सगळं हसायला पाहत नव्हते. पडद्यामागून पाहताना ती आणि आई एकाच वयाच्या दिसायच्या. म्हणून ती म्हातारी होत गेली तशी मी आईला म्हातारी होताना पाहत गेले. हनुवटीखाली कातडी सैल झाली, बोटं वाकडी झाली. आणि प्रत्येक चित्रपटात एकदा तरी ती सरळ समोर बघते. तेव्हा मला वाटायचं, आता ही म्हणणार, बाई, मी असं म्हणाले नव्हते. लहानपणी सुटीला यायचात तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी लोळून हसायचात आणि विचारायचात, "आजी, तू का नाही हसत?" ते यामुळे.

परवा फलाटाचा प्रसंग जवळ आला तेव्हा मी चित्रपट थांबवला. वाळलेले कपडे आत आणले, घड्या घातल्या, मग पुन्हा लावला. भाची डब्यात चढते. रडू येऊ नये म्हणून ती नटी भाचीसाठी आणलेले पाव स्वतःच्याच तोंडात कोंबते. एक, दोन, तीन. दोन्ही गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाडी सुटते. ती हात हलवते. एक शब्दही बोलत नाही. तीनदा मागे नेऊन पाहिलं.

बाळांनो, मी तेव्हा पडद्याकडे पाहत नव्हते, पण आई पाहत होती. ते मिटलेलं तोंड समोर असताना तिने मला विचारलं होतं, असं म्हनली व्हय?

मी तिला फसवून धुक्यात एकटं ठेवलं, असं मी जन्मभर धरून चालले. त्याची सवय झाली होती. फसलेल्या माणसाची निदान माफी मागता येते. ती फसलीच नव्हती, तर ते "बरं" म्हणताना तिच्या मनात काय चाललं असेल, हे कोणाला विचारू? परवापासून त्या एका क्षणापाशी जाऊन तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते आहे. हातभर अंतरावर होती. ओल्या पडद्यातून येणारा उजेड तिच्या अंगावर हलत होता, तेवढं आठवतं. चेहरा आठवत नाही. मी तिच्याकडेच बघत होते, पण ती हो म्हणते का, एवढंच बघत होते.