शुद्ध तांब्याची वायर आणि माझा उजवा कान

राहुरीत माझं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की आतलं तांबं काढायचं, नवं भरायचं, हेच तीस वर्षं चाललंय. मोटार चालू केली की स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग किरकिरत असेल तर लगेच कळतं. मूठ मी कायम उजव्याच कानाला लावत आलो.

लेकीनं पुण्याहून हेडफोन पाठवला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यावर मी भजनं ऐकतो. गेल्या उन्हाळ्यात उजवीकडचा टाळ बारीक यायला लागला. झालं, मी ठरवूनच टाकलं, दोष वायरचा. दुसरी शंका येत होती, पण तिची मला भीती वाटायची. कान गेला तर माझा धंदाच गेला. म्हणून शुद्ध तांब्याची भारी वायर मागवली. जन्म तांब्यात गेलेला माणूस मी, वीतभर तांब्याला एवढे पैसे मोजताना लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

नवी वायर जोडली. डावीकडे टाळ खणखणीत, उजवीकडे तसाच बारीक.

"फसवलं मेल्यांनी," मी चिडलो. डबा घेऊन आलेल्या बायकोनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

"दोन्हीकडं सारखंच हाय की." मग जुनी वायर जोडायला लावली. "हे बी तसंच." आणि हेडफोन उलटा करून, डावी बाजू उजवीकडे घेऊन, तिनं माझ्या डोक्यावर घातला. तरी बारीक टाळ उजव्याच कानात.

"अहो, वायर बरी हाय. तुमचा कान डॉक्टरला दाखवून येऊ."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाचं गेलेलं ऐकणं परत येणार नाही, डावा मात्र ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात मूठ पहिल्यांदाच डाव्या कानाला लावली. किरकिर इतकी स्वच्छ ऐकू आली की मोटार बंद करून मी नुसता बसून राहिलो. खरं सांगतो, डोळे भरून आले होते.

आता बायको डबा घेऊन आली की माझ्या डाव्या हाताला बसते. मधूनच विचारते, ती वायर केवढ्याला पडली? तेव्हा मी सगळाच वळून बसतो आणि उजवा कान तिच्याकडे करतो.