बाईचा शुक्रवार

आमची बाई बेलाची पानंसुद्धा तपासायची. शाळेतल्या पाट्या तपासाव्यात तसं एकेक पान उजेडाकडं धरून. तिन्ही दलं सरळ, देठ शाबूत, कीड नाही, असं पान उजव्या हाताला. जरा भोक दिसलं की डाव्या हाताला, आणि तोंडानं, "नापास." त्या बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं ओसरीवर समोरासमोर बसून हेच करत होतो. श्रावण होता, देवळाची पाळी माझी होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेला बेल लागत होता. अंगात ताप असताना ती घोंगडी पांघरून बसली होती. मी एक किडकं पान चुकून चांगल्यात टाकलं. तिनं ते उचलून माझ्या नाकापुढं धरलं.

"गुरवबुवा, देव बोलत न्हाई म्हणून काईबी खपवता व्हय?"

"तीस वर्सं खपवलं. तक्रार आली न्हाई अजून."

ती हसली, हसता हसता खोकली, आणि पुढचं पान उचललं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा तसं काही वाटलं नाही. बेल निवडत होतो, दुसरं काय.

बाई म्हणजे माझी बायको. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि मी तिथल्या महादेवाचा गुरव. तिचं माहेर नांदूरघाटचं, नाव सारखं वाटतं पण गाव वेगळं, लांबचं. तिचा बाप पोरांना अक्षरं शिकवायचा आणि पोरगी ऐकत बसायची. ऐकून ऐकून ती शिकली. पुढं निजाम सरकारनं आमच्या गावात मुलींची शाळा काढली, तेव्हा चार तालुके धुंडाळून शिकवणारी बाई मिळेना. मग कुणीतरी सांगितलं, गुरवाच्या बायकोला वाचता येतं. सरकारी कागदात ती उस्तानी झाली, गावात बाई झाली. सगळं गाव बाई म्हणायचं, म्हणून मीही बाई म्हणायला लागलो. पारावर लोक हसायचे. "बायकोला बाई म्हणतंय बघा, उद्या पाया पडंल." हसू द्या. पाया पडलो असतो तर बरं झालं असतं, निदान त्या निमित्तानं तिच्याकडं नीट बघितलं असतं.

तिची एक म्हणायची रीत होती. "शिकवणं म्हंजे दळण. कालचं पीठ आज पुरत न्हाई." रोज सकाळी ती घरोघर जाऊन पोरी गोळा करायची. कुणाच्या काखेत भाऊ, कुणाच्या डोक्यावर शेणाची पाटी. ती म्हणायची, पाटी ठेव भिंतीकडेला, भाऊ घे मांडीवर आणि म्हण बे एके बे. एकदा सरकारी तपासणीला साहेब आला. सुगीचे दिवस होते, वर्गात पाचच पोरी. साहेबानं उर्दूत विचारलं, बाकीच्या कुठं आहेत? शेजारच्या मौलवीच्या बायकोकडून तिनं उर्दू शिकून घेतली होती, पण रागावली की मराठीच यायची तोंडात. "साहेब, पोरी ज्वारीत हायत. तुमी सुगीतच कावून येता? श्रावणात या, दाटी दाखवते." साहेबानं वहीत शेरा लिहिला, उस्तानी तोंडाळ आहे. तिनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, पुन्हा स्वतःशी वाचला आणि म्हणाली, "लिहिलंय खरं. अक्षर बी चांगलं हाय."

आता सुट्टीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडतं. राज्य निजामाचं, म्हणून शाळेला सुट्टी शुक्रवारी. माझा देव महादेव, म्हणून माझी धावपळ सोमवारी. शिवरात्र, श्रावण, कार्तिक, सगळे माझे कामाचे दिवस आणि तिच्या शाळेचेही. मोहरमला तिला मोठी सुट्टी मिळायची. दिवाळीला जेमतेम दोन दिवस. आमची एकुलती एक लेक चौसाळ्याला दिलेली. ती दिवाळीला माहेरी यायची तर आई पोरींच्या घरी, शाळेत चला म्हणून मागं लागलेली, बाप देवळात. एका दिवाळीला लेक ओसरीवर बसून म्हणाली, "आई, माझं बी नाव घाल तुझ्या शाळंत. तेवढीच भेटशील तरी." बाईनं फराळाचं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "घालते की. पर तुला पुन्यांदा पहिलीत बसावं लागंल." लेक हसली नाही. मी पण नाही हसलो.

कुटुंबानं मिळून गावाला जाणं म्हणतात ते आम्ही जन्मात एकदा केलं. मोहरमच्या सुट्टीत, माझी पाळी नव्हती त्या साली, नांदूरघाटला. वाटेत दोन मुक्काम करून बैलगाडीनं पोचलो. तिचे वडील थकले होते. पहिल्या दिवशी ती त्यांच्याजवळ बसली, दुसऱ्या दिवशी आळीतल्या पोरी गोळा करून ओळीनं बसवल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, लई दिवस झाले. तिकडं माझ्या पोरी इसरल्या असत्याल." मी लई संतापलो. म्हणालो, जन्मात एकदा सुट्टी मिळाली, ती पण तुला सोसवत नाही का? ती गाडीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "सुट्टी म्हंजे दुसरं काम असतंय, बुवा. इथलं झालं माझं." वडील पुढच्याच पावसाळ्यात गेले. तेव्हा मी तिला काही बोललो नाही, पण मनात बोललो. ते तिला कळलं असणार.

देवाधर्माचं म्हणाल तर गुरवाची बायको असून ती देवळात क्वचित यायची. सोमवारी शाळा सुटली की पायरीशी उभी राहून हात जोडायची आणि लगेच वळायची. मी म्हणायचो, अगं आत तरी ये. तर म्हणायची, "मागायचं काई न्हाई. हजेरी लावली, झालं." एकदा मी चिडून विचारलं, तुला देव आहे का नाही? तिनं दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. "हाय की. पर तुमचा महादेव जागचा हालत न्हाई. माझ्या पोरी दर लगीनसराईत दोन-चार कमी होत्यात. मी आधी कुणाकडं बघू?"

मला अक्षरं शिकवली तीही तिनंच, शुक्रवारी दुपारी. सकाळी ती धुणं धुवायची, घर सारवायची, आणि दुपारी मला पाटी घेऊन बसवायची. पन्नाशीला आलेला माणूस मी, शेंडी हालवत क ख ग काढायचो. हे लिहितोय ते त्याच शिकवणीवर, म्हणून चुका असतील. शिकवणी संपायची वेळ झाली की ती पाटी बघायची आणि सांगायची, "नापास. पुढच्या शुक्रवारी पुन्यांदा."

लोक म्हणतात बाई तापानं गेली. तापानं गेली हे खरं आहे. पण ताप शनिवारी भरला होता आणि ती गुरुवारी गेली. मधले दिवस कुठं गेले ते मला विचारा.

आमच्या देवळाच्या पाळीची रीत सांगायला पाहिजे. गुरवांची तीन घरं. श्रावणाची पाळी दर तीन सालानं एका घराला. पाळी ज्याची, गाभाऱ्याची किल्ली त्याची. आपल्या पाळीत एक दिवस जरी दुसऱ्याच्या हातात किल्ली गेली तर ती त्याची वहिवाट होते, पुढं तो हक्क सांगतो, असं माझा बाप मरेपर्यंत सांगत होता. दुसऱ्या घरचा महादू आणि माझं बोलणं बरीच वर्षं नीट नव्हतं. मला वाटायचं तो टपून बसलाय.

रविवारी संध्याकाळी ती म्हणाली, "तालुक्याला सरकारी दवाखान्यात जावं म्हणते. ह्यो ताप नेहमीचा न्हाई." तालुका सात कोस, रस्त्याला चिखल. बाईमाणूस तापात एकटं जाणार कसं?

मी म्हणालो, "उद्या सोमवार हाय."

"मग मंगळवारी?"

"सगळा श्रावण पाळी माझी हाय, बाई. महादूच्या हातात किल्ली दिली तर परत कशी मिळायची?"

तिनं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "तुमी येतो म्हणा, मी शाळा बंद ठेवते. कुणी काय म्हणायचं ते म्हणू द्या." एवढ्या वर्षांत तिनं एक दिवस शाळा बंद ठेवली नव्हती. ऊन, पाऊस, पटकीची साथ, कशालाच नाही. ती शाळा बंद ठेवते म्हणाली. आणि मी येतो म्हणालो नाही. मी कंदिलाची काच पुसत बसलो.

तेव्हा तीच म्हणाली, "बरं. शुक्रवारी जाऊ. मला सुट्टीच हाय. श्रावणातल्या शुक्रवारी बाया घरीच जिवती पूजतात, देवळात कोण येत न्हाई. तुमी पहाटं पूजा उरका, दिवेलागणीला परत येऊ." मला इतकं बरं वाटलं की मी उठून लगेच छकड्याचं सांगून आलो. शुक्रवार ठरला. मग सोमवार, मंगळवार, बुधवार ती शाळेत जात राहिली आणि मी देवळात.

गुरुवारी सकाळी मी आरती करत होतो. सभामंडपाबाहेरून मौलवीच्या बायकोचा आवाज आला. ती कधी देवळाच्या पायरीकडं यायची नाही, त्या दिवशी आली. "गुरवभाऊ, जल्दी चलो. बाई कैसी तो कर रही." मी ऐकलं. हातात आरतीचं ताट होतं. आरती मध्येच टाकत नाहीत, म्हणून मी ती पुरी केली. कापूर विझेपर्यंत थांबलो. हे लिहायचं नव्हतं, पण बाईला खाडाखोड चालायची नाही. घरी गेलो तेव्हा मौलवीच्या बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि आता माझ्या मांडीवर घेऊन उपयोग नव्हता.

सांजेला माती झाली. गावातली बापईमाणसं आली आणि मागं तिच्या पोरी आल्या, आत्ताच्या आणि लग्न होऊन गावातच राहिलेल्याही, कडेवर पोरं घेऊन. आम्ही परत फिरलो तेव्हाही त्या ओळीनंच चालत होत्या.

शुक्रवारी पहाटे मी उठलो. सुतक पडलं की गुरवाला गाभारा बंद, दहा दिवस. महादू भावकीबाहेरचा, त्याला सुतक नव्हतं, म्हणून किल्ली घेऊन मी त्याच्या दारात गेलो. तिच्यासाठी एक दिवस सोडली नाही ती पाळी, तिच्यापायी दहा दिवस सुटली. महादूनं किल्ली घेतली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आधी कावून न्हाई दिलीस?"

"वहिवाट लावशील म्हणून."

"आजारपणात धरलेल्या पाळीची कुणी वहिवाट लावतं व्हय बे?" असं म्हणून तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी तिथून निघालो.

वेशीपाशी छकडेवाला बैल जुंपून उभा होता. मला बघून त्यानं मान खाली घातली. मी त्याला परत पाठवलं आणि पायी वाटेला लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, सुतकात गाव सोडत्यात व्हय? मी वळलो नाही. चिखलातून सात कोस चाललो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यापाशी पोचलो. डॉक्टरला एकच विचारायचं होतं, सोमवारी आणली असती तर?

दाराला कुलूप होतं. ओट्यावर म्हातारा चपराशी बसला होता. म्हणाला, "आज जुम्मा है, बुवा. सरकारी छुट्टी. डाक्टरसाब कल बैठते."

सरकारची सुट्टी शाळेला असते तशी दवाखान्यालाही असते, हे मला अडाण्याला सुचलं नाही. पण बाईला? जन्मभर त्या सरकारची सुट्टी तिनं घेतली. तिला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. शुक्रवार उपयोगाचा नाही हे कळूनच तिनं तो सांगितला असेल, मला नाही म्हणायला लागू नये म्हणून. किंवा तापात तिला सुचलं नसेल. यातलं कुठलं खरं, ते सांगणारी एकटी तीच होती.

चपराशानं माझ्या मागं वाटेकडं बघितलं. "बीमार किधर है?"

"काल गेली," मी म्हणालो.

तो ओट्यावरून उठला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "फिर आज कायको आए?"

मी म्हणालो, "आज यायचं ठरलं होतं."