अड्याळात न उडालेली मोटार

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाहीतर चहा संपवा आणि विषय बदला.

कबूल? बरं.

लहानपणी आमच्या पवनीला तंबूतला सिनेमा यायचा. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मला तिथं घेऊन गेली. मी पहिलीत असेन. सिनेमा होता पुढच्या जगाचा. सन पंच्याऐंशीत काय काय होणार, ते सगळं त्यात! जेवणाऐवजी गोळी. घरकामाला लोखंडी माणूस. आणि ती मोटार, अहाहा! नदीच्या घाटावरून अलगद वर उठायची, पाखरासारखी चाकं पोटाशी घ्यायची. खाली चांदण्यात वैनगंगेसारखं चमकणारं पाणी, धानाची हिरवी खाचरं, आमच्या भाषेत बांध्या, आणि वर ही. आवाज नाही, धूर नाही, कानाशी नुसता गार वारा.

पुढं मी मास्तर झालो. अड्याळची शकू बायको म्हणून आली. नवी नवी होती तेव्हा संध्याकाळी घाटावर बसून मी तिला ती मोटार सांगायचो.

"ढगाले हात लागे का जी?" ती डोळे मोठे करून विचारायची.

"लागे ना! हात वला होत होता."

आता तुम्हीच सांगा, पडदा पाहणाऱ्याचा हात ओला कसा होईल? पण ना तिला शंका आली, ना मला! नदीवर ऊन उतरत असायचं, ती खांद्याला टेकून बसलेली असायची. अशा वेळी शंका कुणाला येते?

बघता बघता खरंच पंच्याऐंशी साल उजाडलं. साळ्याच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून अड्याळला व्हीडीओ आणायचं ठरलं. साळा मनोहर म्हणाला, "भाऊजी, कोनता शिनेमा आनू?"

मी पटकन तोच सांगितला. पठ्ठ्यानं भंडाऱ्याहून कॅसेट शोधून आणली! आणि शकूनं माहेरी पाय टाकल्या टाकल्या मोटारीची गोष्ट सुरू केली. सासूबाईंनी शेजारी सांगितली. शेजारणीनं विहिरीवर.

माझे सासरे, मामाजी, अबोल माणूस. जन्म धानाच्या चिखलात गेलेला. ते माझ्याजवळ येऊन बसले.

"जवाईबापू, थे मोटार बांधीत उतरते का जी?"

"उतरते ना, मामाजी! चिखलाले टेकतही नाही."

"अन् धानाचं पोतं घेऊन उडते?"

"सहज!" आता कोण थांबणार? जीभ माझी, मोटार माझी!

मामाजींनी दाराबाहेर बांध्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मले एकडाव आपलं वावर वरून पाहाचं होतं. कसं दिसत असन?"

बाप रे! म्हातारा माझ्यासारखाच निघाला! मी त्यांचा हात धरून म्हटलं, "आज दुपारी पाहा. अगदी तसंच दिसते."

दुपारी सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या सोप्यात, ही गर्दी! खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला. मामाजी धुतलेलं धोतर नेसून सगळ्यात पुढं. मी त्यांच्या शेजारी, सिनेमा मीच काढल्यासारखा.

सुरू झाला. गोळी खाऊन लोक ढेकर देऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "अन् मंग बारश्याले पंगत कायची बसवाची? गोळ्याइची?" हशा! लोखंडी माणूस आला, तर तो तेलाच्या डब्यांचा केलेला. एका डब्यावरचं तेलाचं नाव अजून वाचता येत होतं!

"मोटार कवा येते जी?" कुणीतरी विचारलं.

"या गान्यानंतर."

गाणं संपलं. "आता या मारामारीनंतर." मारामारी संपली. माझ्या कपाळावर घाम.

आणि आली! मोटार आली! मी उभा राहून ओरडलो, "हे पाहा, आता उडते!"

मोटार घाटावर आली. थांबली. नायक-नायिका खाली उतरले, शेजारच्या डोंग्यात बसले आणि नावाड्यानं वल्हं मारलं. समाप्त.

सन पंच्याऐंशी, आणि नदी पार करायला डोंगा!

सगळी सपरी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "कॅसेट कापलेली हाय! मी या डोळ्यांनी पाह्यलं हाय!"

तेवढ्यात बायकांतून अक्काचा आवाज आला. बारशाला तीही आली होती. "कायचं पाह्यलं रे? तू तं थो लोखंडी मानूस आला तवाच माह्या मांडीवर झोपला! घरापर्यंत खांद्यावर आनला तुले. रस्ताभर झोपेतच हात पसरून 'उडाली, उडाली' करून राह्यला होता!"

सपरी अशी हसली की पाळण्यातलं लेकरू जागं झालं. शकूनं पदरात तोंड लपवलं. हसत होती की रडत होती, विचारायची हिंमत झाली नाही.

फक्त मामाजी हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजे थे मोटार तुमच्या सपनातली होती?"

मी मान खाली घातली.

"मंग बरोबर हाय. म्हनूनच आवाज नाही, धूर नाही."

संध्याकाळी परत निघालो, तर बातमी आमच्या आधी स्टँडवर पोचलेली! यष्टी खच्चून भरली होती. कंडक्टरनं दारातूनच हात जोडले, "गुरुजी, तुमाले कायले यष्टी पायजे? उडून जा ना!"

शेवटी मामाजींनी बैलगाडी जुंपली. शकू आणि मी तणसाच्या पेंढ्यांवर बसलो. दोन्ही बाजूला बांध्या, वर लालसर आभाळ, चाकांची संथ करकर. मी पुन्हा कुठंतरी तरंगायला लागलो होतो. पुढं नाल्याचा उतार आला. मामाजींनी मागं न पाहता गंभीरपणे सांगितलं,

"जवाईबापू, घट्ट धरा जी. या उतारावर माहे बैल उडतेत."

आणि आता खोटं कशाला बोलू? दोन्ही हातांनी गाडी गच्च धरून मी खरंच खाली वाकून पाहिलं, चाकं जमिनीला टेकलेली आहेत ना!