खुंटीवरची थाळी

सेलूत भांड्यांची दुकानं पुष्कळ, पण रविवारी पोरांच्या चपला दिसायच्या त्या वीरुपाक्षअप्पांच्याच ओट्याखाली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात कधी शिवी नाही. इतकी सभ्य माणसं माझ्यासारख्या मोर्चेवालीला सोसत नाहीत. अप्पा सोसले, कारण ते पोरांना बोलण्यातली फसवणूक पकडायला शिकवायचे.

पद्धत त्यांची स्वतःची. खुंटीला एक काशाची थाळी टांगलेली. आठवडाभरात कानावर पडलेलं काहीतरी पोरांनी आणायचं: प्रचाराच्या रिक्षातलं भाषण, मोबाइलवर फिरणारा निरोप, घरातलं भांडण. एकानं ते ठासून म्हणायचं, आणि जिथं खोट दिसेल तिथं दुसऱ्यानं पळीनं थाळी वाजवून खोटीचं नाव सांगायचं. नावंही अप्पांनीच पाडलेली. मुद्दा सोडून माणसावर घसरला की ‘गचांडी’. सगळे करतात म्हणून तुम्ही करा, तर ‘मेंढरं’. एका सडक्या बोंडावरून सगळं शेत वाया ठरवलं, तर ‘सडकं बोंड’.

एकदा हरिओम नावाचं कार्टं म्हणालं, “अप्पा, तुमी म्हन्ता रोज आंघोळ करा, सगळे करतेत. मेंढरं!” आणि ठण्ण! अप्पा पोट धरून हसले.

सगळ्यांत चपळ हात राजेश्रीचा. गावातल्याच माणिकरावांची थोरली लेक. बारावी झालेली, अठरा पूर्ण, परभणीला वकिलीला जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. घरी मात्र स्थळ आलं होतं, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. अप्पांनी माणिकरावांना समजवायला बोलावलं, आणि बोलावलं ते नेमकं रविवारी, भरल्या शिकवणीत, गिऱ्हाइकांच्या गर्दीत.

“माणिकराव, पोरगी लय हुशार हाय. जाऊ द्या तिला.”

“अप्पा, तुमाला लेक न्हाई. बापाचं काय कळतंय तुमाला?”

ठण्ण! “गचांडी!” राजेश्रीच. माणिकरावही कसनुसं हसले.

“आमच्या भावकीत बारावीम्होरं एक बी पोरगी गेली न्हाई.”

ठण्ण! “मेंढरं!” आता गिऱ्हाइकंही हसली.

माणिकराव खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, “पिंगळीची एक पोरगी अशीच शिकायला गेल्ती. माघारी आली ती कुनाकडं मान वर करून बघंना. आमच्या राजीचं तसं झालं तर म्या कुठं जावं, अप्पा? तिथं कोन हाय आमचं?”

परभणीला अप्पांची सख्खी बहीण राहते, चन्नबसम्मा. तिचं नाव अप्पांच्या ओठांवर आलंच होतं.

ठण्ण! “सडकं बोंड!” पुन्हा राजेश्रीच.

सगळं दुकान खदखदलं. हरिओमनं शिट्टी मारली. माणिकरावांनी टोपी घातली. “बापाची थाळी वाजवली बाजारात,” एवढंच म्हणाले आणि उतरले. अप्पा मागं धावले, बहिणीचं नाव ओरडून सांगत राहिले. माणिकरावांनी वळून पाहिलं नाही. त्याच आठवड्यात सुपारी फुटली.

कळलं तशी मी माणिकरावांच्या दारात जाऊन उभी राहिले. मोर्च्यात फौजदाराला गप्प बसवलेली बाई मी, चांगला आवाज चढवला. माणिकरावांनी चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, “ताई, तुमी बी वाजवायलाच आलाव व्हय?” तो चहा मी प्याले.

लग्नाची भांडी माणिकरावांनी हट्टानं अप्पांकडूनच घेतली. प्रत्येकावर नाव घालायचं: ‘चि. सौ. कां. राजेश्री हिस, आई-वडिलांकडून.’ अप्पा मान खाली घालून घालत राहिले. शेवटी माणिकरावांनी खुंटीकडं बोट केलं.

“ती बी द्या.”

“ती इकायची न्हाई, माणिकराव.”

“द्या म्हन्लं ना.”

अप्पांनी थाळी उतरवली. नाव कोरायच्या मशीनचं टोक काशावर फिरतं तेव्हा भांडं बारीक आवाजात वाजत राहतं. नाव पुरं होईपर्यंत ती वाजत होती.

रुखवतात थाळी मधोमध मांडली होती. पाठवणीच्या वेळी राजेश्री अप्पांच्या पाया पडली. “अप्पा, ते सडकं बोंड नव्हतं. बाबा इचारायले व्हते.”

“व्हय, माय,” अप्पा म्हणाले. “भ्यालेल्या माणसाचं बोलनं वळखायचं म्या शिकिवलंच न्हाई.”

टेम्पोत भांडी चढत होती. राजेश्रीनं ती थाळी कुणाला उचलू दिली नाही. स्वतःच्या जुन्या ओढणीत तिनं ती घट्ट गुंडाळली, आणि रस्त्याच्या खड्ड्यांत वाजू नये म्हणून मांडीवर घेऊन बसली.