बाईंनी सांगितलेली बाग

बाईंच्या वर्गात वाक्य बोलायचं तर आधी चित्रावर बोट ठेवावं लागे. "झाड वाळलं आहे" म्हणणाऱ्याचं बोट वाळक्या फांदीवर हवं, "गाय उपाशी आहे" म्हणणाऱ्याचं बरगड्यांवर. एखादं पोरगं गहिवरून "माणसाला खूप वाईट वाटत आहे" म्हणालं, की बाई चष्म्यावरून बघत. "वाईट कुठी काढलं हाय? ठेव बोट." पोरगं बिचारं आभाळापासून विहिरीपर्यंत बोट फिरवी आणि शेवटी स्वतःच्याच नाकावर ठेवून मोकळं होई.

सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमची शाळा, हिंदी राज्यातली पण मराठी. बाई तिसरीला, मी चौथीला अतिथी शिक्षक. दोन वर्गांच्या मधे भिंत नव्हती, एक कपाट होतं. त्यामुळे माझी चौथी माझ्यापेक्षा बाईंचंच जास्त ऐके, आणि खरं सांगायचं तर मीही. वर्णन लिहायला शिकवताना त्या एकच पुस्तक घेत, शाळेला आलेल्या पेटीतलं दुष्काळाचं चित्रपुस्तक. चित्रांखालच्या हिंदी ओळींवर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या चिकटवून टाकल्या होत्या. ओळ दिसली की पोट्टे ओळच वाचतात, चित्र पाहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्याशा लेकरांना एवढं रडकं पुस्तक कशाला, असं मी एकदा विचारलं. बाई खडूचे हात झटकत म्हणाल्या, "बापू, मोर अन् बगीचा कोणीबी सांगते. वाईट दिवस आला तं जे दिसते ते जसंच्या तसं सांगता आलं पायजे. नाही तं माणूस नुसता रडते, अन् ऐकणाऱ्याले समजतच नाही का झालं काय." मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं.

त्या पुस्तकात एक पान होतं. पानं गळालेली झाडं, भेगाळलेली जमीन, आणि बुंध्याशी बसलेला एक माणूस. आमच्या पोरांनी ते पाहिलं आणि सगळी एका सुरात आनंदाने ओरडली, "बाई, बगीचा ताणावर हाय! आता पाणी सोडन अन् फुलं येतीन!" संत्र्याच्या मुलखातली पोरं ती. बहार धरायचा तर इथे बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. त्यालाच ताण देणं म्हणतात. दुष्काळाचं चित्र पाहून खूश होणारा वर्ग दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. मी कपाटामागे हसत सुटलो.

बाई हसल्या नाहीत. "इथचं पाणी तोडलं नाही रे," त्या म्हणाल्या, "सरलं हाय." त्यावर पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. "पण बाई, तोडलं का सरलं, हे चित्रात कसं वळखाचं?" बाईंनी पुस्तक मिटलं आणि पाढे म्हणायला लावले. दुसऱ्या दिवशी मात्र आल्या आल्या त्यांनी तेच पान उघडलं. "माणसाकडे पाहा. ताण देणारा माणूस झाडाकडे पाह्यते. हा कुठी पाहून राहिला?"

"खाली," पोरं म्हणाली. त्या दिवशी त्यांनी लिहिलेल्या एकाही वर्णनात फुलं आली नाहीत.

हे उत्तर बाईंनी कुठून आणलं, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. बोरगावला घरामागेच त्यांची संत्र्याची बाग होती. यजमानांनी हौसेने लावलेली. त्यांना मी काकाजी म्हणे. लकवा झाल्यापासून ते आतल्या खोलीत पडून असत, आणि बाग त्या खोलीतून दिसत नसे. दिवाळीपासून बोअर कोरडा पडला होता. मी गेलो तेव्हा अर्धी झाडं तोडून झाली होती आणि उरलेली उभ्याउभ्या वाळली होती. बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आत काही बोलजो नको. त्यायले म्या ताणावर हाय म्हणून सांगतलं होतं. आता फूल धरलं म्हणून सांगतो."

आणि खरोखर त्या पलंगाशी बसून सांगू लागल्या. विहिरीकडच्या ओळीत फूल दाट आहे, कोपऱ्यातलं झाड मागे पडलं, मधमाश्या इतक्या की फांदी हलवायची सोय नाही. एक शब्द ढिला नव्हता. मी ऐकत होतो आणि मला रडू येत होतं.

बाई चहा ठेवायला गेल्या तेव्हा काकाजींनी चांगल्या हाताने मला जवळ ओढलं. त्यांची जीभ जड झाली होती. "संत्रा फुलला का वास घरात मावत नाही, बापू. औंदा काहीच आलं नाही. मले समजते. पण तिले म्हणू नको. मन लावून सांगते बिचारी."

पावसाळ्याच्या आधीच ते गेले. तेरवीनंतर मी भेटायला गेलो. मागे आता नुसतं मोकळं वावर होतं. बाईंनी मला बसवलं आणि सरळ विचारलं, "त्यायले समजलं तं नव्हतं ना?"

"नाही, बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतून काय सुटणार होतं? मी मान खाली घातली.

"म्हणजे मरतानाबी त्यायले मालूम होतं," बाई म्हणाल्या.