काळी पडेपर्यंत

कॅनडात, हॅलिफॅक्समधली माझी घरमालकीण जमैकाची. वर ती एकटी, खाली बेसमेंटमध्ये मी. राहायला आले त्याच आठवड्यात तिच्या ओट्यावरची तीन काळीठिक्कर केळी मी उपकार म्हणून कचऱ्यात टाकली.

"आंटी, सडली होती."

"सडली नव्हती, पोरी. तयार होती."

मग तिने धडा दिला. हिरवं केळं उकडायचं, खाऱ्या माशाबरोबर खायचं. काळं पडलं की तिरकं कापून तळायचं. मी वसईची, राजेळी केळी वाळवून सुकेळी करणाऱ्या घरातली. मला केळं शिकवते म्हणून राग आला. तळलेलं खाल्ल्यावर गेला.

या मार्चमध्ये ती पोटाच्या ऑपरेशनला गेली. जाण्याआधी खिडकीत सहा पिवळी केळी मांडली. "आठवड्यात काळी होतील. मी येऊन तळीन. तू हात लावू नकोस, तुझा भरवसा नाही."

हॉस्पिटलने तिला एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती: 'आपला बरे होण्याचा प्रवास'. मुखपृष्ठावरचं जोडपं इतकं हसत होतं, की त्यांचं कोणी काही कापलेलं नाही हे उघड होतं. प्रवास किती दिवसांचा, ते आत कुठेच नव्हतं.

चौथ्या दिवशी विंडसरहून तिच्या मुलाचा फोन आला. ताप उतरत नाही, घरी कधी सोडतील सांगत नाहीत.

केळ्यांवर डाग वाढत होते. केळी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, हे वसईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ठेवली. केळी पिकायची थांबली तर आंटीला तेवढे दिवस मिळतील, असं काहीसं डोक्यात होतं. एरवी दुसऱ्यांच्या नवसांना हसणारी मी.

दोन दिवसांनी फ्रिज उघडला. सहाही काळी. दाबून पाहिली, आत टणक. पिकणं थांबलं होतं, रंग थांबला नव्हता.

त्याच सकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"काळी झाली?"

"नाही आंटी. पिवळीच आहेत."

"अजून?" तिला धाप लागली. "खिडकीतच आहेत ना?"

"हो."

मागे कसलं तरी यंत्र वाजत होतं.

"उद्या परत पोट उघडणार आहेत," ती म्हणाली. "पण तू पिवळी म्हणतेस. म्हणजे वेळ आहे."

फोन ठेवून मी केळी परत खिडकीत नेली. तिने मांडली होती तशीच मांडली, देठ भिंतीकडे. काचेतून ऊन येत होतं. थोड्या वेळाने गार काळ्या सालींना पाणी सुटलं.